नाशिकचा प्रश्न सभागृहात कसा लावायचा (विरोधी बाकावरच्या माणसाला कागद कोण देणार?)

परवा गंगेवर बसलो होतो, म्हणजे गोदाघाटावर, बाहेरच्यांसाठी सांगतो, आणि एक मित्र नेहमीचं रडगाणं लावून बसला की आपले विरोधी पक्षवाले काही कामाचे नाहीत, अधिवेशनात नुसते विधानभवनाच्या पायऱ्यांवर बॅनर धरून उभे राहतात, फोटो काढतात, आत जाऊन काय करतात देव जाणे. मी त्याला एवढंच विचारलं, तुझ्या भागातला एक तरी प्रश्न तू कागदावर लिहून त्यांच्यापैकी कुणाला दिलायस का? गप बसला. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू, कारण मी स्वतः हे तीनचार वेळा केलंय, पहिल्यांदा पार तोंडावर आपटलोय, आणि आपटल्यावर जे कळलं ते कुठल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नव्हतं.

सगळ्यात आधी, विरोधी माणूस शोधायचा कुठे? आपल्याकडे ही गंमतच आहे. नाशिक जिल्ह्यात विधानसभेच्या १५ जागा, २०२४ च्या निकालात त्यातल्या १४ सत्ताधारी महायुतीकडे गेल्या, उरली एक मालेगाव मध्य, ती एमआयएमकडे, तीही १६२ मतांनी. आणि त्याच वर्षी लोकसभेला नेमकं उलटं, नाशिकमधून राजाभाऊ वाजे, दिंडोरीतून भगरे सर, आणि मालेगाव-बागलाण ज्या धुळे मतदारसंघात येतं तिथून शोभाताई बच्छाव, तिघंही विरोधातले. म्हणजे दिल्लीत आपल्याकडून सगळे विरोधी बाकावर आणि मुंबईत जवळजवळ कुणीच नाही. (तसं नाशिकला विरोधक नसण्याची सवय जुनी, १९६३ च्या पोटनिवडणुकीत यशवंतराव चव्हाण इथून लोकसभेवर बिनविरोध गेले होते. पण तेव्हा चीनचं युद्ध नुकतंच झालं होतं, ती गोष्ट वेगळी.) राज्यात तर त्या निकालात विरोधातल्या एकाही पक्षाला २८८ च्या एक दशांश म्हणजे २९ जागा (विरोधी पक्षनेतेपदासाठी एवढ्या धरल्या जातात) मिळाल्या नाहीत, सगळ्यात मोठा पक्ष २० वर थांबला, आणि विरोधी पक्षनेतेपदाचा घोळ तिथूनच सुरू झाला.

पण घाबरायचं कारण नाही, लोकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की आमदाराला फक्त आपल्याच मतदारसंघाचा प्रश्न विचारता येतो असं काही नाही. कोकणातला आमदार नाशिकच्या आरोग्य केंद्राबद्दल विचारू शकतो, विधान परिषदेतले ७८ जण तर आहेतच, आणि एका प्रश्नावर अनेकांची नावं असतात हे तुम्ही प्रश्नोत्तरांची यादी कधी पाहिली तर लगेच दिसेल. सत्ताधारी आमदारसुद्धा प्रश्न टाकतातच, वाईट काही नाही त्यात, पण उत्तर आल्यावर मंत्र्याला उभ्या उभ्या उपप्रश्न टोचायचा असेल तर ते विरोधी बाकावरूनच जास्त जमतं, आपल्याच मंत्र्याला घाम फोडणारा आमदार मी तरी क्वचित पाहिला. माझा प्रश्न शेवटी लावला तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या, परिषदेतल्या एका विरोधी सदस्याने.

दुसरं काम, विषय कुणाचा ते ठरवणं. इथे निम्मे लोक गचकतात. कांदा घ्या, आपला रोजचा विषय. कांद्यावर अन्याय झाला म्हणून चार पानं लिहिली आणि खासदाराला दिली, संपलं, काही होत नाही. कारण निर्यातबंदी किंवा किमान निर्यात मूल्य हा वाणिज्य मंत्रालयाचा विषय, निर्यात शुल्क अर्थ मंत्रालयाचा, आणि नाफेड-एनसीसीएफ या सहकारी संस्थांकडून बफरसाठी, म्हणजे सरकारी राखीव साठ्यासाठी, जी खरेदी होते ती ग्राहक व्यवहारची. तीन मंत्रालयं, तीन वेगळे प्रश्न. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क लागलं, ८ डिसेंबर २०२३ ला बंदी आली, ४ मे २०२४ ला ती उठली पण टनाला किमान ५५० डॉलर निर्यात मूल्याची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच, सप्टेंबर २०२४ मध्ये अट गेली आणि शुल्क २० वर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. लासलगावात कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याला या तारखा तोंडपाठ असतील. पण यातली कुठली तारीख कुठल्या मंत्र्याच्या गळ्यात घालायची हे ठरवल्याशिवाय प्रश्न जमत नाही, आणि चुकीच्या मंत्रालयाला टाकला की तो तिकडून तिकडे फिरत बसतो, तोवर अधिवेशन संपतं.

रस्त्याचंही तेच. शहरातला रस्ता असेल तर नगरविकास, बाहेरचा राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम, जिल्हा परिषदेचा असेल तर ग्रामविकास, आणि मुंबई-आग्रा हायवेचे खड्डे असतील तर मुंबईला जाऊच नका, ते दिल्लीचं. ओझरचं एचएएल, नाशिकरोडचा नोटांचा छापखाना, रेल्वे, हे सगळं खासदाराकडे. कुंभमेळ्याची कामं, तपोवनातल्या झाडांचा विषय, गोदावरीत जाणारं सांडपाणी, हे राज्याचं, आमदाराकडे. (मार्च २०२२ पासून महापालिकेत बरीच वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, त्यामुळे गटाराचे प्रश्नही लोक आमदाराकडे न्यायला लागले, त्यात चूक लोकांची नाही.)

आता माझी फजिती सांगतो, खरा धडा तिथे आहे. माझ्या मामांच्या गावाला, तालुका मुद्दाम सांगत नाही, प्राथमिक आरोग्य केंद्राची नवी इमारत बांधून तयार, रंग मारलेला, नावाची पाटी लावलेली, आणि दाराला कुलूप. कुलूप गंजलेलं, दाराच्या फटीत वेलीची फांदी शिरलेली, बाळंतिणीला घेऊन लोक जीपने पंचवीसतीस किलोमीटर जातात. मी पेटून उठलो, एका ओळखीतून प्रश्न दिला, तो लागलाही. मी लिहिलं होतं असं:

«(१) नाशिक जिल्ह्यातील अमुक येथील प्राथमिक आरोग्य केंद्राची नवीन इमारत मागील दोन वर्षांपासून बंद अवस्थेत आहे, हे खरे आहे काय,
(२) असल्यास, सदर इमारत सुरू करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे,
(३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?»

उत्तर काय आलं?

«(१) हे खरे नाही.
(२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.»

बास. दोन ओळी. मला वाटलं सरळ खोटं बोलतायत, मी तिरीमिरीत फेसबुकवर लिहायलाच बसलो होतो, तेवढ्यात ज्यांनी प्रश्न लावला त्यांच्या पीएंचा फोन आला, म्हणाले, "दादा, ताबा कधी घेतला होता बिल्डिंगचा?" मी म्हटलं झाली असतील दोन वर्षं. ते म्हणाले, "असतील नाही, तारीख सांगा." काढली तारीख, तर ताबा घेऊन झाले होते एक वर्ष दहा महिने. म्हणजे दोन वर्षं झालेलीच नव्हती, म्हणजे मी लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं खरं नव्हतं, आणि तिकडे मंत्रालयात उत्तर तयार करणाऱ्या कार्यासन अधिकाऱ्याला तेवढी फट पुरली. गंजलेलं कुलूप खरं होतं हो, पण मी विचारलंच नव्हतं ते, मी दोन वर्षं विचारली होती.

तेव्हापासून माझा एकच नियम, प्रश्नात असा एकही शब्द ठेवायचा नाही ज्याला धरून «हे खरे नाही» म्हणता येईल. «सर्व रस्ते» लिहिलं की एक रस्ता चांगला दाखवतात आणि सुटतात. «कोट्यवधींचा भ्रष्टाचार» लिहिलं की भ्रष्टाचार झालेला नाही. «नागरिकांमध्ये तीव्र संताप» तर पहिल्या फटक्यात उडतो, संताप मोजायचा कसा? «अंशतः खरे आहे» असं उत्तर आलं तर समजा की तुमचा निम्मा कागद पक्का होता. दुसऱ्या अधिवेशनाला मी लिहिलं की इमारतीचा ताबा अमुक दिनांकास घेतल्यानंतरही अद्याप तेथे बाह्यरुग्ण सेवा सुरू झालेली नाही, हे खरे आहे काय, असल्यास वैद्यकीय अधिकारी व परिचारिका यांची किती पदे मंजूर आहेत व किती भरलेली आहेत, उर्वरित पदे कोणत्या दिनांकापर्यंत भरण्यात येतील. आणि उत्तर आलं «(१) हे खरे आहे.» खोटं सांगत नाही, तो कागद मी मामांना व्हॉट्सअ‍ॅप केला आणि नंतर झेरॉक्स काढून नेऊन दिला. कुलपाचं खरं कारणही त्यातच निघालं, इमारत बांधली पण माणसांची पदंच मंजूर नव्हती, फाइल पदनिर्मितीसाठी वर पडलेली.

तारीख मिळवायची कशी, तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय, लोक यावर चिडतात पण मला तर ती प्रॅक्टिसच वाटते, कारण लोकसभेच्या प्रश्नालाही १५० शब्दांचीच मर्यादा आहे. मागा काय तर कागद मागा, मत मागू नका. ताबा पावती, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची प्रत, बिलं किती अदा झाली. «काम का रखडलं» असं आरटीआयमध्ये विचारलं तर उत्तर येतं की माहिती या व्याख्येत बसत नाही. का हा प्रश्न मंत्र्याला विचारायचा, कधी आणि किती हे कारकुनाला.

मग हा कागद घेऊन जायचं पीएंकडे, थेट साहेबांकडे नाही. खरं सांगायचं तर साहेब किंवा ताई लग्नकार्यात, उद्घाटनात भेटतात, पाठीवर हात ठेवतात, बघू म्हणतात आणि तुमचा कागद गाडीच्या डॅशबोर्डवर इतर पन्नास कागदांत जातो. प्रश्न टाइप करून ऑनलाइन टाकणारा माणूस वेगळा असतो, त्याला गाठा. आणि एकच पान न्या. वर प्रश्न, खाली तीन ओळीत पार्श्वभूमी, मागे आरटीआयच्या कागदाची प्रत. मी पहिल्यांदा चार पानं नेली होती तर पीए म्हणाले, "दादा, मला अशा दोनशे फाइली आहेत, तुम्हीच सांगा मी काय वाचू." अधिवेशन सुरू झाल्यावर जाऊ नका, तोवर प्रश्नांची मुदत कधीच गेलेली असते. राज्यात अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईला, हिवाळी डिसेंबरात नागपूरला, हे धरून बरंच आधी, निदान दोन महिने, कागद तयार पाहिजे. लोकसभेत किमान १५ दिवस आधी नोटीस लागते आणि कुठलं मंत्रालय कुठल्या वारी ते ठरलेलं असतं, त्यामुळे तिथेही ऐन वेळेला काही होत नाही.

आता तारांकित की अतारांकित. तारांकित म्हणजे तोंडी उत्तर, त्यावर उपप्रश्न विचारता येतात, खरी मजा तिथे. अतारांकित म्हणजे लेखी उत्तर. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित, तारांकितचा नंबर लॉटरीने लागतो, आणि ११ ते १२ या एका तासात त्यातले पाचसहाच तोंडी होतात बऱ्याचदा. म्हणून आकडे पाहिजे असतील तर सरळ अतारांकितच मागा. नाफेड-एनसीसीएफने नाशिक जिल्ह्यात किती टन, काय दराने, किती शेतकऱ्यांकडून कांदा घेतला, याला कशाला भाषण पाहिजे, तक्ता आला की झालं, आणि तो तक्ता पुढच्या वर्षी त्यांच्याच तोंडावर ठेवता येतो.

घाईचं काही घडलं, म्हणजे पूल कोसळला, रुग्णालयात काही झालं, तर प्रश्न कामाचा नाही, तेव्हा लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना. विधानसभेत नियम १०५. मंत्र्याला निवेदन करावंच लागतं आणि त्यावर प्रश्न होतात. त्याहून छोटं म्हणजे औचित्याचा मुद्दा, दोन मिनिटांत मांडून मोकळं. लोकसभेत शून्य प्रहर (प्रश्नोत्तराच्या तासानंतर तातडीचे विषय मांडायची वेळ), किंवा नियम ३७७ खाली लिहून आणलेलं वाचायचं, ते माझ्या मते उगीच दुर्लक्षित राहिलेलं आयुध आहे कारण त्याला मंत्रालयाकडून लेखी उत्तर येतं. मोठ्या चर्चेला नियम २९३, स्थगनला (कामकाज थांबवून चर्चा मागायला) वेगळा, परिषदेत आकडे वेगळे, ते पाठ करायची आपल्याला गरज नाही, पीएंना असतात. अर्थसंकल्पात कपात सूचना असते, लोकसभेत एखाद्या खात्याच्या मागणीतून १०० रुपये कापा असं म्हणायचं, शंभर रुपयांसाठी नाही हो, त्या निमित्ताने त्या खात्याची विशिष्ट तक्रार मांडायची म्हणून.

गोंधळाबद्दल जरा. विरोधकांनी अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, ज्याला ‘वेल’ म्हणतात तिथे, उतरून कामकाज बंद पाडलं की आपल्याला टीव्हीवर वाटतं काय जबरदस्त घेरलं. लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास बुडाला तरी लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातातच, पण उपप्रश्न मेला. आणि उपप्रश्नातच मंत्री अडकतो, कारण छापील उत्तर खात्याने लिहून दिलेलं असतं, उपप्रश्नाला त्याला स्वतः उभं राहावं लागतं. माझा राग यावर आहे की ज्यांना गोंधळाने फायदा होतो ते बऱ्याचदा समोरच्या बाकावरचे असतात. पुण्याचे मधु लिमये बिहारमधल्या मुंगेरहून निवडून जायचे आणि नियमांचं पुस्तक हातात घेऊन सरकारला जेरीस आणायचे, ती जातकुळी वेगळी. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात तर कोविडच्या नावाखाली संसदेत प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, तेव्हा कळलं तो तास काय चीज आहे.

म्हणून तुमच्या पानाच्या खाली दोन उपप्रश्न लिहूनच द्या. उत्तर काय येईल याचा अंदाज घ्या, साधारण «कार्यवाही सुरू आहे» येतं, मग उपप्रश्न असा की फाइल आज कुठल्या टेबलावर आहे आणि निर्णयाची तारीख कोणती. दोनच. दहा दिले तर साहेब त्यातला सगळ्यात भाषणबाजीचा उचलतात, अनुभव आहे.

आणि हे पण सांगतो, प्रश्न पटलावर आला नाही तरी पूर्ण वाया जात नाही. सरकारी ऑफिसात विधिमंडळाच्या प्रश्नाला एलएक्यू म्हणतात. एलएक्यू आला की मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला फोन, आज संध्याकाळपर्यंत माहिती पाठवा. आमच्या केसमध्ये दुसऱ्यांदा प्रश्न गेल्यावर आठवड्यात तिथे कुणीतरी येऊन वेल कापून गेलं, दाराला ऑइल लावून गेलं, फोटो काढायला असणार. मामा म्हणाले, "भाच्या, कुलूप तेच आहे पण चकाकतंय."

एका गोष्टीपासून लांब राहा. «प्रश्न लावून देतो, एवढे लागतील» असं कुणी म्हणालं तर चहा पण न पिता उठा. २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेतून ११ जणांना काढलं होतं. उलटा धंदाही चालतो, प्रश्न टाकायचा, अधिकाऱ्याला फोन करायचा, मग उपप्रश्न विचारायचाच नाही. तुमचा कागद असल्या हातात गेला तर तुमच्या गावाचं काम होत नाही, दुसऱ्याचंच होतं. म्हणून आपण दिलेला प्रश्न यादीत आला का, उत्तर काय आलं, हे विधिमंडळाच्या आणि संसदेच्या वेबसाइटवर स्वतः तपासा, उत्तरं तिथे टाकतात.

जमलं तर एकदा बघायला जा. पास आमदारांच्या शिफारशीने मिळतो, सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरली नाशिकरोडहून तर दुपारच्या कामकाजाला आरामात पोचता, नागपूरला जायचं तर आता समृद्धी महामार्ग आहे. बघून दोन गोष्टी कळतात, एक म्हणजे सभागृह टीव्हीत दिसतं त्यापेक्षा बरंच रिकामं असतं, आणि दुसरं, मंत्र्याच्या मागे अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठ्या सारख्या येत असतात. उपप्रश्न चांगला असला की चिठ्ठ्या वाढतात, मी मोजत होतो.

उत्तर आल्यावर लोक पेढे वाटून मोकळे होतात, तिथे खरं काम सुरू होतं. मंत्र्याने «चौकशी केली जाईल», «एक महिन्यात बैठक घेऊ», «तपासून निर्णय घेऊ» असं काही म्हटलं असेल तर ते आश्वासन. ती पाळली जातात का हे बघायला आमदार-खासदारांची आश्वासन समिती असते, लोकसभेत तर १९५३ पासून आहे, आणि तिथे आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करायची अपेक्षा असते. कार्यवाहीतलं ते वाक्य शब्दशः उतरवून घ्या, तारखेसकट, आणि ज्या सदस्याने प्रश्न लावला त्यांच्याकडूनच समितीला पत्र जाऊ द्या, आणि तारीख घरातल्या कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी लिहा म्हणजे रोज दिसते. ऑडिटचा मुद्दा असेल, पैसा खर्च झाला पण काम नाही असं काही, तर कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल चाळा, तो लोकलेखा समितीपुढे जातो आणि लोकसभेत १९६७ पासून तिचा अध्यक्ष विरोधी पक्षाचाच करायचा प्रघात आहे.

आमच्या केंद्राचं म्हणाल तर पदं मंजूर झाली, एक डॉक्टर आणि दोन नर्स आल्या, कुलूप निघालं. गेल्या रविवारी मामांचा फोन, म्हणे ओपीडी चालू आहे पण बोअरला पाणी लागलं नाही, बाळंतपणाची खोली अजून बंदच. मी म्हटलं मामा, बोअर कुणी मारली, किती फूट, बिल कधी निघालं, तेवढं आधी विचारून ठेवा, आणि «कधीपासून» असं कुणाला सांगताना अंदाजे सांगू नका.